कुंदाआत्याचा डुगडुगता गिअर

कुंदाआत्या गाडी सुरू करण्याआधी गिअरच्या दांड्याशी हस्तांदोलन करायची. खोटं नाही सांगत. दांडा मुठीत धरून चारी बाजूंना हलवायची, मान तिरकी करून खालचा आवाज ऐकायची आणि जाहीर करायची, "डुगडुगतोय. म्हणजे प्रकृती ठीक आहे." मग आमची जुनी पांढरी व्हॅन बेलवलीच्या गल्लीतून निघायची आणि तो दांडा वरणातल्या पळीसारखा गरगर फिरायचा. पहिला टाकायला जावं तर तिसरा पडायचा. मी किंचाळायचे, आत्या मात्र ढिम्म. "गिअर पडत नसेल तर जोर करू नये गं. नीट विचारावं, तो सांगतो."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, आप्पांची, मोठी बहीण. लग्न केलेलं नव्हतं, आमच्याच घरात खालच्या खोलीत राहायची. अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात तिने अख्खी नोकरी काढली. तयार झालेला भाग व्हर्नियर नावाच्या मोजपट्टीच्या जबड्यात धरायचा, माप घ्यायचं आणि केसाएवढा फरक दिसला तरी नापास करायचा, हे तिचं काम. निवृत्त झाली तरी ते सुटलं नाही. आईचे मोदक, शिंप्याने शिवलेले ब्लाउज, माझा भांग, सगळं तिच्या नजरेखालून जायचं आणि बहुतेक परत यायचं. "स्थळंसुद्धा अशीच नापास केली हिने," असं आप्पा म्हणायचे, पण ती खोलीत नसताना.

तर गिअरबद्दल. दांड्याच्या तळाशी प्लॅस्टिकचं एक कडं असतं, त्याला बुश म्हणतात. तो झिजला की दांडा सैल पडतो. आमचा सारखा झिजायचा. झिजला की आत्या ठेवणीतली साडी नेसायची, जुना बुश रुमालात गुंडाळायची, मला शेजारी बसवायची आणि आम्ही उल्हासनगरला, कॅम्प दोनमधल्या हशूशेठच्या स्पेअर पार्टच्या दुकानात जायचो. बुशसाठी साडी कशाला, हा प्रश्न मला कॉलेज संपेपर्यंत पडला नाही. माझ्या हुशारीबद्दल एवढं पुरे.

हशूशेठ विधुर. वर घर, खाली दुकान. आम्हाला बघितलं की गल्ल्यावरून उठून दारापर्यंत यायचे.

"आओ मॅडम, आओ! फिर गया क्या बुश?"

"गेला. काय माल ठेवता हो तुम्ही?"

"माल की बात बाद में. पहले पापड, फिर पार्ट."

सिंधी घरात आल्यागेल्याला भाजलेला पापड आणि थंडगार पाणी मिळतंच. हशूशेठनी ती रीत दुकानात आणून बसवली होती. वरून सून पापड पाठवायची. आत्या एक तुकडा मोडायची, डोळे मिटून चावायची आणि म्हणायची, "मिरी जास्त झालीय." नापास. मग दुसरा मागायची. शेठ खूश होऊन मला म्हणायचे, "बेटा, तुझी आत्या रागावते ना, तेव्हा पण बरोबर बोलते!" एवढ्या छोट्या कड्यासाठी आमची अख्खी दुपार जायची आणि परतताना आत्या तिसरा गिअर टाकून गाणं गुणगुणायची.

एक दिवस आप्पांनी ठरवलं, व्हॅन विकायची. ताई या गाडीपायी हातपाय मोडून घेणार, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं. शिरगावहून गिऱ्हाईक येणार असं कळलं त्या सकाळी आत्याने आईचा उपमा मुकाट्याने खाल्ला. नावं ठेवली नाहीत, मीठ मागितलं नाही. आई घाबरली आणि तिने मला आत्याकडे पाठवलं. आत्या पलंगावर बसली होती. म्हणाली, "गौरे, गाडी गेली की मग बुश कशाला लागणार गं मला?" आणि तोंड फिरवलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

गिऱ्हाईक भारदस्त होतं. सफारी, काळा चष्मा. फाटकातून गाडी बाहेर काढायला त्यांनी रिव्हर्स टाकला, खट् आवाज झाला आणि दांडा मुळासकट त्यांच्या हातात आला. घाबरून त्यांनी ब्रेकऐवजी ॲक्सिलेटर दाबला. व्हॅन उलटी सुटली ती इस्त्रीवाल्याचं टेबल चुकवत, नारळवाल्याला उडी मारायला लावत, थेट बांधकामाच्या वाळूच्या ढिगात जाऊन बसली. आप्पा "ब्रेक! ब्रेक!" ओरडत मागे धावत होते आणि आत्या ओट्यावर पदर तोंडात कोंबून हसत होती. गृहस्थ उतरले ते तडक रिक्षा स्टँडकडे निघाले. दांडा त्यांच्या हातातच. मी धावत जाऊन तो मागून आणला.

आप्पांचा संताप बुशवर निघाला. झिजलेला बुश मुठीत धरून ते मला घेऊन रिक्षाने कॅम्प दोनला निघाले. हशूशेठच्या शेजारच्या मेकॅनिकने बुश पाहिला आणि तो हसलाच. "काका, ये तुमच्या गाडीचा नाय. पतला आहे. बरोबरवाला टाका, वर्षानुवर्षं हात लावायला नको."

आप्पा तसेच शेठच्या दुकानात शिरले. "शेठ, वर्षानुवर्षं माझ्या बहिणीला चुकीचा बुश देताय?"

शेठ कानापर्यंत लाल झाले. पापडाचं नावही काढलं नाही. खालचा खण उघडून त्यांनी एक बुश काढला, जाडजूड, कोरा. "बरोबरवाला हा आहे, साहेब. कब से रखा है. पण हा दिला असता तर..." त्यांनी बुश शर्टाला पुसला. "तर मॅडम आती कैसे?"

आप्पांनी दोन्ही बुश शेजारी शेजारी धरून पाहिले. ते स्टुलावर बसले. मीच वर हाक मारून पापड मागवले.

घरी आल्यावर आप्पांनी आत्यासमोर दोन्ही बुश ठेवले आणि घसा खाकरून सगळं सांगितलं. त्यांना वाटलं, आता स्फोट होणार. आत्याने बुशकडे पाहिलंही नाही.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "पहिल्याच खेपेला घरी येऊन मोजला होता."

"मग नापास का नाही केलास, ताई?"

"सगळंच नापास करून कसं चालेल, बाळ्या?"

आत्या आणि शेठचं नोंदणी पद्धतीने लग्न झालं. सनईऐवजी आप्पांनी व्हॅनचा हॉर्न वाजवला, तोही बेसूर. आत्याने नवरदेवाच्या फेट्याचा तुरा नापास करून स्वतः पुन्हा खोचला. कॅम्प दोनला राहायला जाताना तिने व्हॅन मला दिली आणि तिचा व्हर्नियरही. शेठ भेट म्हणून तो जाड बुश बसवायला निघाले होते. आत्याने त्यांचा हात धरला. "राहू द्या. गौरीला यायला निमित्त नको का?"

त्यानंतर मी जात राहिले. आत्या गल्ल्यावर बसायची, बाहेरून आलेला माल मोजून निम्मा परत पाठवायची, आणि शेठ तिच्याकडे बघत बसायचे. इतकी सुखी माणसं मी फार पाहिली नाहीत.

आत्या गेल्याला आता वर्ष होत आलं. ती गेल्यावर कॅम्प दोनला जायला माझे पाय उचलेनात. शेवटी दांडा डुगडुगायला लागला, तेव्हा ठेवणीतली साडी नेसले आणि गेले. शेठ वाळले होते, तरी दारापर्यंत आले. "आ बेटा. पहले पापड." मी एक तुकडा मोडला. मिरी जास्त होती. तसं सांगितलं, तेव्हा ते डोळे पुसत हसले आणि उठून त्यांनी एक बुश कागदात बांधून दिला.

घरी येऊन मी आत्याचा व्हर्नियर काढला आणि बुश मोजला. पातळच होता.

मी तो पास केला.