कूलरचं तोंड

हे आजवर माझ्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. बायकोनं नाही, दादानं नाही — आणि जिनं ऐकायला हवं होतं तिनं तर मुळीच नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही कधी आमच्या घरी जेवायला येणार नाही, म्हणून असेल. वहिनींच्या हातची भाकरी ज्यानं खाल्ली त्याच्यासमोर हे बोलायला माझी जीभ रेटत नाही.

कळंबला आमचं लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं दुकान आहे, घराच्याच पुढच्या खोलीत. खिडकीजवळ कम्प्युटर, त्याच्यासमोर खुर्ची आणि खुर्चीत मी. गिऱ्हाईक मला 'आर्टिस्ट' म्हणतं. मी हसतो. दुसरं काय करणार? ही खुर्ची माझी नाही — पण तिथवर यायला जरा वेळ लागेल. सरळ सांगता आलं असतं तर इतकी वर्षं गेलीच नसती.

आधी मशीनचं सांगतो. कॉलेज संपवून मी घरी बसलो होतो. काम काही नाही, पण कम्प्युटरमधलं आपल्याला सगळं कळतं ही ऐट होती. दादाला, म्हणजे माझ्या मोठ्या भावाला, नवं मशीन घ्यायचं होतं. मी त्याला पटवलं की मोठ्या फ्लेक्सच्या कामाला दमदार प्रोसेसर लागतो. ते खोटं नव्हतं. फक्त मी निवडला तो ओव्हरक्लॉक करता येणारा — कंपनीनं ठरवलेल्या वेगाच्या पुढं दामटता येतो तसला. तो फ्लेक्ससाठी नव्हता. तो माझ्या गेमसाठी होता. लातूरच्या माझ्या मित्राच्या मशीनवर गाड्यांच्या शर्यतीचा गेम लोण्यासारखा चालायचा, आणि आमच्याकडं वळणावर गाडी अडखळायची. एवढंच दुःख होतं माझं. हसू नका, त्या वयात ते फार मोठं वाटायचं.

त्या मित्रानं फोनवर सांगितलं तशा मी सेटिंग बदलल्या. वेग वाढवला, व्होल्टेज वाढवलं. गाडी वळणावर अडखळेना झाली, पण मशीन तापायला लागलं. मे महिना, वर पत्रे. मग मला अक्कल सुचली. दुपारी घर झोपलं की मी कॅबिनेटचं झाकण काढायचो आणि कूलरचं तोंड खोलीकडून मशीनकडं वळवायचो. माणसाला गार वाटतं तर प्रोसेसरलाही वाटेल — नाही का? कूलरचा वारा ओला असतो, आमच्या बोअरचं पाणी खारं आहे, घरातल्या प्रत्येक बादलीला पांढरा थर चढतो, हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? बोर्डावर तसाच पांढरा थर धरलेला मी पाहिला होता. बोटानं पुसला आणि पुढची शर्यत सुरू केली.

आता वहिनी. त्या येडशीच्या. लग्नाआधी रोज एसटीनं धाराशिवला जाऊन त्यांनी डीटीपीचा कोर्स केला होता. आमच्याकडं येऊन वर्ष व्हायचं होतं, तोवर दादानं डिझाईनचं काम आपणहून त्यांच्याकडं सोपवलं होतं. नवरा-नवरीची नावं त्या अशी मांडायच्या की पत्रिका हातात घेणारा माणूस आधी नावावरून बोट फिरवायचा. खेड्यातली माणसं दारातूनच विचारायची, "ताई हायत का?" त्या खुर्चीत बसल्या की त्यांचा चेहराच वेगळा दिसायचा. सकाळी आत सगळ्यांचं करून, पदराला हात पुसत त्या बाहेर यायच्या — आणि माझी खात्री आहे, दिवसभरात तेवढाच वेळ त्यांचा स्वतःचा होता. आमच्या वडिलांना, अण्णांना, ते पसंत नव्हतं. नवी सून पुढच्या खोलीत, चार परक्या माणसांसमोर. काम येत होतं म्हणून ते गप्प होते, पण निमित्ताची वाट बघत होते.

ते निमित्त मी दिलं.

लग्नसराई होती. दुपारी मी शर्यतीत रंगलेलो, आणि वहिनी रोजच्यापेक्षा लवकर बाहेर आल्या — एका नवरीचा मामा फ्लेक्ससाठी यायचा होता. मी घाईनं गेम बंद केला, झाकण नुसतंच टेकवलं, कूलरचं तोंड परत खोलीकडं फिरवलं. वाढवलेला वेग खाली आणायचा राहिला. राहिला म्हणजे — आठवला होता, कंटाळा केला. वहिनींनी रोजच्यासारखी बादली आणून कूलर भरला, हात पुसले आणि कामाला बसल्या. मामा आला, फ्लेक्स बघून खूश झाला. शेवटची मोठी फाईल तयार व्हायला लावली आणि पडदा काळा झाला. जळका वास सुटला.

दादा आला, अण्णा आले. वहिनींचा चेहरा पांढरा पडला होता. "माझाच हात वल्ला व्हता का काय, मला कळंना," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून, "भाऊजी, तुमी जरा बघता का?"

मी उघडून बघितलं. प्रोसेसरच्या शेजारी करपलेला डाग होता आणि भोवती सगळीकडं तो पांढरा थर. एका दुपारी सांडलेल्या पाण्याचा असा थर होत नाही. हे त्या खोलीत फक्त मला कळत होतं. तरी वहिनींनी शंका स्वतःवर घेतलीच होती — मला नुसतं गप्प बसूनही भागलं असतं. मी गप्पसुद्धा बसलो नाही.

"पाणी उडालंय," मी म्हणालो. "बादलीचं."

आणि त्याच्या वर — हे मला आजही सर्वांत जास्त टोचतं — मी दादाला म्हणालो, "जाऊ दे, नवीन आहेत त्या. होतं कुणाकडूनही."

अण्णा ओरडले नाहीत. "पुरं झालं. बाईमाणसानं आतलं बघावं," एवढंच बोलून ते गेले. मामा दुसऱ्या दुकानाकडं निघाला. दादानं पुढं मशीन नवं आणलं, पण वहिनींना परत बस म्हणाला नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. काम तर थांबवता येत नव्हतं. मग खुर्चीत कोण बसणार? घरात कम्प्युटर कळणारा मीच उरलो होतो.

मला पुण्याला जायचं होतं. मित्र गेले, मी इथंच राहिलो. स्वतःच्या खोट्यानं मला वहिनींच्या जागी आणून बसवलं, आणि तिथून उठायचं तर ती जागा रिकामी कशी झाली ते सांगावं लागतं. गेम केव्हाच सुटला. खुर्ची सुटली नाही.

सांगायचं ठरवलं नाही असं समजू नका. पण वहिनींनीच माझी वाट बंद केली. त्या दिवशी मी त्यांची बाजू घेतली, असं त्या मानतात. माहेरी सांगतात, सगळे चिडले व्हते, एकट्या भाऊजींनी सांभाळून घेतलं. तव्यावरची पहिली भाकरी माझ्या ताटात पडते. आता सांगा, घास तोंडात असताना कुठून सुरुवात करायची? आणि दर उन्हाळ्यात कूलर भरायच्या आधी त्या दारात बादली घेऊन थांबतात. "भाऊजी, मशीन बंद केलं का?" मी बंद करतो. त्या भरतात.

परवा त्यांची मुलगी, पूर्वा, शाळेच्या कार्यक्रमाची पत्रिका करायला माझ्या खुर्चीत बसली, मी शेजारी स्टुलावर. नववीत आहे. वहिनी दारात उभ्या होत्या, कूलरची बादली पायाशी ठेवून, उंबऱ्याच्या पलीकडं. बराच वेळ बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "ते नाव जरा खाली घे. वरची ओळ त्येच्या डोक्यावर बसलीया." पूर्वानं नाव खाली घेतलं. सगळी पत्रिका एकदम मोकळी झाली. इतकी वर्षं मी ती चूक रोज करत आलोय, ते मला तेव्हा दिसलं.

"आई, तूच कर ना," पूर्वा म्हणाली आणि उठून खुर्ची मागं सरकवली.

वहिनींनी दोन्ही हात पदरात घेतले. "नको गं. माझ्या हाताला मशीन सोसत न्हाय."

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी काही बोलेन, एखादा शब्द, असं त्यांना वाटलं असेल का? खुर्ची रिकामी होती. अण्णा आता नाहीत. दादा बाजारात गेला होता. अडवणारं कुणीसुद्धा नव्हतं.

"सरक पूर्वा," मी म्हणालो, "मी करतो."

आणि खुर्ची पुढं ओढून बसलो. वहिनी बादली उचलून आत गेल्या.