डावी पट्टी

भालकीत आमचा मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा. घरोघरी मोबाईल आले त्या सुमारास मी मागच्या खोलीत भजनांचं रेकॉर्डिंगही सुरू केलं. सीडी गाणगापूरच्या दुकानांत विकायला जायच्या. पुण्याला नोकरीला लागलेल्या भाच्याने कॉम्प्युटरवर एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं. त्यात पडद्यावर चौकटी काढायच्या, रेघांनी जोडायच्या आणि आवाज त्या रेघांतून पुढे जायचा. त्यात मी आवाजाची पातळी दाखवणारं मीटर बनवलं. पहिलं मीटर नुसती सरासरी दाखवायचं; टाळांचा ठोका त्यातून निसटायचा आणि रेकॉर्डिंगमध्ये आवाज फाटायचा. मग सर्वांत उंच ठोका क्षणभर धरून ठेवणारी चौकट जोडली. डाव्या-उजव्या बाजूच्या दोन हिरव्या पट्ट्या झाल्या.

भजनी मंडळ रेकॉर्डिंगला आलं, तेव्हा नवं मीटर लावलं आणि डावी पट्टी उजवीपेक्षा बरीच वर गेली. मी तर नेहमीसारखी कानांनी ऐकत, डावं-उजवं बटण फिरवून दोन्ही बाजू सारख्या केल्या होत्या. सगळ्या रेघा तोडून पुन्हा जोडल्या. डावी वरच.

मंडळातले म्हातारे अप्पा हेडफोन काढून म्हणाले, "अक्का, डावीकडं एवढं कामून वाढवायलीस? टाळ कानात घुसायलेत."

नवरा दारातून म्हणाला, "मीटरच खोटं असंल."

"मी बनवलंय ते."

"म्हणूनच म्हणायलोय."

सगळे हसले.

मंडळी चहाला गेल्यावर मी एकच सूर दोन्ही बाजूंना सारखा सोडला. पट्ट्या एका उंचीला. हेडफोन लावला. उजवीकडे सूर स्वच्छ, डावीकडे भिंतीपलीकडून आल्यासारखा. हेडफोन उलटा घातला. तरी मंद तो डावीकडेच.

जत्रेत भोंगा चालू आहे का, ते आम्ही त्याच्या तोंडाशी कान नेऊन बघतो. उजवा हात ॲम्प्लिफायरवर, म्हणून भोंग्याला डावा कान. लग्न होऊन आले तेव्हापासून हेच. आता उजवाही गेला, तर या खोलीत माझं काय काम? उद्याच बीदरला कानाच्या डॉक्टरकडे जायचं ठरवलं.

मंडळी परत आली. मी दोन्ही पट्ट्या सारख्या केल्या. लगेच माझ्या कानांत सगळं भजन उजवीकडे कललं.

"आता बराबर हाय," अप्पा म्हणाले.

"व्हय," मी म्हटलं.

डावं बटण वाढवायला हात शिवशिवत होता. तो मांडीखाली दाबून धरला आणि भजन संपेपर्यंत पट्ट्यांवरून नजर काढली नाही.