पहिल्या फोटोतले मूल

लढाईच्या वर्षांत पेट्रोल मिळेनासे झाले, तेव्हा साताऱ्याहून माणकडे जाणाऱ्या मोटारीच्या पाठीला एक लोखंडी भट्टी बांधण्यात आली. तिच्यातल्या कोळशाच्या गॅसवर मोटार धापा टाकीत चाले आणि चढ लागला की उतारू खाली उतरून तिला लोटीत. माझे यजमान गावोगाव हिंडून फोटो काढीत आणि मी त्यांच्याबरोबर असे. पुरुष मोटार लोटीत तेव्हा मी फोटोच्या काचांची पेटी उराशी धरून रस्त्याच्या कडेने चाले. पायांखाली तापलेली माती, नाकात कोळशाचा करपट धूर, आणि मधूनच एखाद्या झुळकेबरोबर कुठल्याशा गंजीवरून येणारा कडब्याचा गोडसर वास. सुख म्हणून मी जे काही ओळखले, त्यातले बरेचसे अशा चढांवर ओळखले. पुढे जे सांगायचे आहे त्यात ते नाही, म्हणून आधीच सांगून ठेवते. एका आईला आपल्या मुलाचा फोटो पाहायचा होता. तो आम्हीच काढलेला होता, आणि आम्हाला तो तिला दाखवता आला नाही.

वडिलांनी मला लहानपणी वृत्ते शिकवली होती. लघु-गुरू मोजत मोठी झालेली मुलगी फोटोवाल्याच्या घरात आली आणि तिला उजेड-सावली मोजण्याचे काम मिळाले. बायकांचे पदर सारखे करणे, मुलांची नाके पुसणे, हे माझ्याकडे. काच धुऊन वाळली की तिच्यावरच्या चेहऱ्यांतून बारीक टोकाची पेन्सिल फिरवणे, हेही माझ्याकडे. काचेवर माणूस उलट्या रंगांत उमटतो. केस पांढरे, दात काळे, आणि डोळ्यांतल्या बाहुल्यांच्या जागी दोन फिकट भोके. देवीचे व्रण, कपाळावरच्या आठ्या, हे सगळे त्या उलट्या चेहऱ्यावर पेन्सिलीने हलकेच भरायचे, म्हणजे कागदावर माणूस नितळ होऊन येतो. अशी कितीतरी तोंडे मी बोटभर अंतरावरून वाचली.

आणि माणसे तरी किती तऱ्हांची! सांगलीला हळदीच्या पेवात उतरणारा एक हमाल होता. जमिनीखालच्या त्या कोठारातून तो नखशिखांत पिवळा होऊन वर यायचा. न धुता, तसाच, सोन्यासारखा फोटो हवा, असा त्याचा हट्ट. आमच्या काचांना पिवळा रंग दिसत नसे. कागदावर तो काळाठिक्कर उतरला. त्याचे सोबती पोट धरून हसले.

"सोनं म्हणून बसलास आन् कोळसा हून उठलास रं गड्या!"

"आसंना का. बायकूनं वळखलं म्हंजे झालं."

"ती तर तुला वासावरनंच वळखती!"

दहिवडीच्या बाजारात एका आजीबाईंनी काळ्या फडक्याखाली डोके घालून कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत पाहिले. तिथे सारे जग खाली डोके वर पाय असे दिसते. समोर त्यांचे कारभारी पटका बांधून ताठ उभे होते. "आगं बया, म्हातारा डोक्यावर हुबा हाय की!" त्या आतूनच ओरडल्या, "घरात बी असाच वागतुया!" सारा बाजार हसला, कारभारीसुद्धा हसले, आणि ती काच फुकट गेली.

आमच्याकडे एक रंगवलेला पडदा होता. त्यावर निळे तळे, कमळे, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. माणच्या कोरड्या गावांतली माणसे त्याच्यापुढे उभी राहण्याआधी त्याला हात लावून पाहात. "एवढं पानी सातारला हाय व्हय?" असे विचारीत. यजमान खोटे बोलत नसत, पण तिथे ते मान डोलावीत.

ज्या गावाची ही गोष्ट, तेही अशांपैकीच एक. जत्रेच्या दिवसांत आम्ही तिथे लिंबाखाली मुक्काम करीत असू. पहिल्या वर्षी एक म्हातारा आम्हाला आपल्या घरी घेऊन गेला. अंगणात मेंढरे, दाराशी वाळत टाकलेली लोकर, आणि ओसरीवर सून, तिच्या कडेवर मूल. त्याचा मुलगा समुद्रापार लढाईवर होता. तो गेला तेव्हा मूल पोटात होते.

"नातवाचा फोटू काढा, मास्तर. पल्टणीत धाडायचाय. बापानं अजून त्वांड बघितलं न्हाई."

मूल नुकते कुठे बसू लागले होते. टेकवले की कलंडायचे. यजमान म्हणाले, आईच्या मांडीवर द्या. म्हाताऱ्याने मान हलवली. "सुनंचं त्वांड पल्टणीत कशाला? धा जनं बघत्याल." मग तोड निघाली. सून खुर्चीवर बसली, तिच्यावर डोक्यापासून पायांपर्यंत काळी घोंगडी टाकली, आणि घोंगडीआडून तिने मुलाला धरले. फोटोत दिसणार होती ती एक काळी बैठक, आणि तिच्यावर हसरे मूल.

"खुर्ची बेस झाली की गं!" तिची जाऊ ओरडली. "बाईल आतल्या आत निजंल हां, मास्तर, येगीनं उरका."

घोंगडी हसू लागली. आतले हसू थांबेपर्यंत यजमान थांबून राहिले, कारण काचा मोजक्याच मिळत होत्या. मग त्यांनी तोंडाने तित्तराचा आवाज काढला. मूल एकदम स्तब्ध झाले, खालचा ओठ सुटला, आणि भिंगावरचे झाकण उघडून मिटले.

कागद तर काचांहून दुर्मिळ. एकच प्रत काढली. ती म्हाताऱ्याने तिथल्या तिथे पाकिटात घातली. सुनेने ती दारातून, लांबूनच पाहिली. तिच्या हाती ती आली नाही. हे तेव्हा कुणालाच खटकले नाही. मूल तर तिच्या कडेवरच होते.

पुढल्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा म्हाताऱ्याने पुन्हा बोलावले. पुन्हा खुर्ची, पुन्हा घोंगडी. मूल आता पायांवर उभे राहत होते. ते जावेने आणून दिले आणि ती बाजूला, पाठ फिरवून उभी राहिली. मूल तिच्याकडे झेपावू लागले. मी घोंगडीचा काठ नीट करायला आत वाकले. आत लोकरीचा उग्र वास, घामाची ऊब, आणि विणीतून गाळून आलेले उन्हाचे कण तिच्या तोंडावर पडलेले. ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली,

"बाई, ह्यो माझा न्हवं."

मला उमगेना.

"जावंचा हाय. माझा दिवाळीच्या अगुदर गेला. गोवर आत गेला." थोडे थांबून, "त्येंना कळिवलं न्हाई. मामंजी म्हनले, तिकडं गोळ्या चालत्यात, मन मोडलं तर मानूस हुबा ऱ्हात न्हाई. त्येंचा निरोप आलाय, पोरगं केवढं झालं, फोटू धाडा. मग काय करायचं?"

बाहेरून यजमान विचारीत होते, "झालं का?"

तिने माझे मनगट धरले. "मागच्या साली काडल्याला तुमच्यापाशी असंल की. त्यो मला निसता दावा. ठेवून घेत न्हाई."

मी म्हटले, पाहते, साताऱ्याला पेट्या आहेत. एवढे बोलून बाहेर आले. म्हातारा मेंढरांकडे पाहत उभा होता. मूल रडत होते, पण घोंगडीआडचे हात हलले नाहीत. मूल रडून दमले आणि त्या दमलेल्या क्षणी यजमानांनी झाकण उघडले. त्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. मी मोटारीत बसल्यावर सांगितले, तेव्हा ते इतकेच म्हणाले, "चेहरा चांगला आलाय."

साताऱ्याला आल्यावर मी पेट्या उघडल्या. आमच्या धंद्याची एक रीत होती. उन्हाळ्यात जुन्या काचा सोड्याच्या गरम पाण्यात भिजत घालायच्या. वरचा थर दुधाच्या सायीसारखा सुटून येतो आणि खाली कोरी काच उरते. ती चौकटींना वापरायची. लढाईत काच महागली होती आणि सगळेच फोटोवाले असे करीत. एखादी काच राहून गेली असेल, अशा आशेने मी पेट्यांतली काच न काच उजेडात धरून पाहिली. त्या गावची एकही राहिली नव्हती. ते मूल पाण्यातून सायीसारखे निघून गेले होते, आणि त्याची काच आता कुणाच्या तरी भिंतीवर कुणाच्या तरी लग्नाच्या जोडीवर बसलेली असणार.

मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर मी निरोप धाडला. परतीच्या खेपेत तो तिचे उत्तर घेऊन आला.

"म्हनली, असू दे. त्येंच्यापाशी हाय. ते आल्यावर बघीन."

ते वाक्य मी कितीतरी दिवस मनात वागवले. तिकडे तो मुलाला पाहायला परतणार होता, आणि इकडे ती त्याच मुलाला पाहायला त्याची वाट पाहत होती.

लढाई संपली. माणसे परत येऊ लागली. मोटारींत खाकी सदरे दिसू लागले, लोखंडी ट्रंका टपावर चढू लागल्या. जत्रेला आम्ही पुन्हा त्या गावी गेलो, तेव्हा त्या घरी बोलावणारा या खेपेस तिचा नवरा स्वतःच होता. उन्हाने रापलेला, बारीक, पुष्कळ बोलणारा. येऊन महिना होऊन गेला होता. घरच्यांनी त्याला सगळे सांगितले होते. त्याने आम्हाला गुळाचा चहा दिला. सून उंबऱ्याशी हुलगे पाखडत बसली होती. कुणी काही विचारण्याआधीच त्याने सदऱ्याच्या खिशातून पाकीट काढले आणि त्यातून फोटो. जावेच्या मुलाचा.

"ह्योच ऱ्हायला, मास्तर."

"आणि पहिला?" यजमानांनी विचारले.

"हुता की. वरीसभर उशाखाली हुता. मग ह्यो आला, आन् त्याच गडबडीत क्याम्प हालला. त्यो कुठं पडला कुनास ठावं. म्या म्हनलं, जाऊ दे, लहानपनचा हुता. आता पोरगं मोठं झालंय, नवा हाय की आपल्यापाशी."

तिने हे आधीच ऐकलेले असणार. सूप चालूच राहिले.

मग तो माझ्याकडे वळला. "बाई, तुमी तर त्येचं त्वांड जवळनं बघितलंया. हिला इचारलं तर ही बोलत न्हाई. कसा हुता?"

मी सांगायला तोंड उघडले. त्या चेहऱ्यावर मी पेन्सिल घेऊन वाकले होते; पण मला जे आठवत होते ते काचेवरचे होते. पांढरे जावळ, काळवंडलेले गाल, फिकट डोळे. ते मनात उलटे करून पाहू लागले तर हाती येईना. तरी मी बोलले. कपाळ रुंद होते, म्हटले. गाल भरलेले. खालचा ओठ जरा सुटलेला. जावळ दाट. उपमा सुचत होत्या, आणि त्या कुठल्याही मुलाला बसल्या असत्या. उंबऱ्याशी बसलेल्या तिच्याकडे मी पाहिले. निदान ती तरी म्हणेल, 'न्हाई बाई, तसं न्हाई, असं हुतं.' तिने मान वर केली नाही.

त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"व्हय," तो म्हणाला. "सगळीच पोरं तसली असत्यात."

त्या म्हणण्यात मला दोष देणे नव्हते. 

एवढ्यात जावेचे मूल अंगणातून धावत आले, चुलत्याच्या गुडघ्यावर रेलले आणि फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो म्या!" त्याने फोटो त्याच्या हातात दिला. "घे. तुजाच हाय." मूल तो उंच धरून, ओरडत, बाहेर पळाले, गल्लीतल्या सवंगड्यांना दाखवायला.

 म्हातारा खाकरला. "मास्तर, आता ह्या दोघांचा काढा. सुनंचं त्वांड उघडं असू द्या. आता कोन काय म्हनतंय?"

यजमान उठले आणि त्यांनी कॅमेऱ्याची तिपाई उघडायला घेतली. तिने सूप खाली ठेवले. सासऱ्याशी समोरासमोर बोलताना मी तिला त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकले.

"आता कुनाला धाडायचाय, मामंजी?"

 तिने सूप पुन्हा उचलले. हुलग्यातला कोंडा वाऱ्याबरोबर अंगणात उडत राहिला. यजमानांनी तिपाईचे पाय एकेक करून मिटले आणि आम्ही निघालो.