हवेचा दोष

गुऱ्हाळावर कोणी रस प्यायला आला की शंकरतात्या त्याला आधी उकळत्या रसाच्या काहिलीपलीकडचं चिंचेचं झाड दाखवत. "हालतंय का न्हाई?" वाफेतून झाड लटपटताना दिसे. "झाड जाग्यावरच हाय. हवा हालतीया. ताऱ्यांचं बी तसंच." एवढं ऐकल्यावर मग बिचाऱ्याच्या हाती रसाचा पेला पडे.

तात्यांनी फौजेत दुर्बिणी दुरुस्त करण्यात उमर घालवली होती. पेन्शनीत निघाल्यावर कऱ्हाडजवळच्या आमच्या गावी ऊस लावता लावता त्यांनी जाड काच घासून स्वतःच्या दुर्बिणीसाठी आरसा करायला घेतला. दोन वर्षं घासत होते. गाव हसे. मी शाळेत शास्त्र शिकवी, म्हणून त्यांचा माझ्यावर लोभ.

त्या सुमारास पेपरात आलं की अमेरिकेनं पृथ्वीभोवती फिरणारी दुर्बीण सोडली आहे. हवा जो प्रकाश खाली येऊच देत नाही, तोही तिला सापडतो. मी ते वाचून दाखवलं.

"मी काय म्हनत हुतो? शेवटी त्येनी बी हवेच्या वरच जागा धरली!" तात्या हरखले. मग म्हणाले, "पर तिला डोळा कोन लावतं?"

"कुणीच नाही. ती आकडे खाली पाठवते."

"अरारा! बघायचं सुख कुनालाच न्हाई व्हय?"

तेव्हापासून काहीही धूसर दिसलं की दोष हवेचा. कंदिलाभोवती रंगीत वलयं दिसू लागली, हवा. घरच्याच उंबऱ्याला ठेचकाळले, तर म्हणे गुऱ्हाळाचा धूर. मीही मान डोलवत असे.

आरसा पुरा झाला त्या संध्याकाळी तात्यांनी शनीवर नळी धरली. बराच वेळ डोळा लावून बसले.

"कडं दिसंना, गुरुजी. आज हवा लय खराब हाय. तुमी बघा."

मी पाहिलं. शनी कड्यासकट लख्ख, अगदी स्थिर. मी नळीवरून डोळा काढला तेव्हा तात्या आशेनं माझ्याकडे तोंड करून उभे होते. मला दिसतंय आणि तुम्हाला नाही, हे सांगायला जीभ रेटेना.

"हवाच खराब आहे, तात्या."

हंगाम सरला, गुऱ्हाळ थंड झालं, धूर गेला. धूसरपण गेलं नाही. तेव्हा कुठे मी त्यांना मिरजेला नेलं. काचबिंदू निघाला. "गेलेली नजर आता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "चार-पाच महिने आधी आणायचं होतं."

परतीच्या गाडीत तात्यांनी विचारलं, "गुरुजी, त्या दिशी तुमाला कडं दिसलं हुतं का?"

आता खोटं बोलवेना. "दिसलं होतं, तात्या. स्वच्छ."

त्यांनी मला शिव्या घालाव्यात असं फार वाटलं. ताकारी स्टेशन मागं पडलं. मग चाचपत त्यांनी माझा हात धरला.

"म्हंजी आरसा बरा झालाय," ते म्हणाले.