बसायला शिकवणारे हवालदार

हवालदारांनी मला पहिले चार दिवस गाडीची किल्लीच दिली नाही. रोज सकाळी सात वाजता कराडातल्या एका मोकळ्या मैदानात त्यांच्या ड्रायव्हिंग क्लासची पांढरी गाडी उभी असायची. मी आत जाऊन बसायचे आणि ते उघड्या दाराशी उभे राहून मला न्याहाळायचे. "ह्याला बसनं म्हंत्यात व्हय, बाई? चुलीम्होरं बसल्यावानी बसलायसा. उतरा." मी उतरायचे. "बसा आता." मी पुन्हा बसायचे. सव्वीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला कुणी अशा उठाबशा काढायला लावेल, हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

हवालदार मूळचे शिराळ्याकडचे. वीस वर्षं फौजेत ट्रक चालवून गावी परतले, पण गावात करमेना म्हणून कराडात येऊन त्यांनी क्लास काढला. तो कधी भरभराटीला आला नाही, येणारही नव्हता. दुसऱ्या क्लासवाल्यांकडे आठ दिवसांत गियर टाकून पोरं रस्त्यावर येत. हवालदारांकडे आठ दिवसांनी माणूस फक्त नीट बसत असे. "पैले सीट, फिर शीशा, फिर चाबी," हे फौजेतलं हिंदी ते दिवसातून चाळीस वेळा ऐकवत. "गाडी कुनीबी चालवतंय. बसायला न्हाई येत कुनाला," हे वर.

एकोणपन्नासाव्या वर्षी हा अपमान मी सोसत होते, त्याला कारण होतं. माझी मुलगी अश्विनी सांगलीला दिलेली. जावई फौजेत, दूर सरहद्दीवर. तिचं एकदा राहिलेलं तिसऱ्या महिन्यात गेलं होतं, आता पुन्हा दिवस राहिले होते. सातव्या महिन्यात तिला बाळंतपणाला माहेरी आणायचं, तर आणायला कुणी नव्हतं. आमच्या ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी स्टीअरिंगला हात लावायची बंदी केलेली. भाड्याच्या गाडीवाल्याच्या हाती तिला सोपवायला माझा जीव धजेना. गाडी दारात होती, म्हणून मीच शिकायचं ठरवलं.

गाडी दारात होती, पण सीट ह्यांची होती. गाडी चालवायची नाही असं ठरल्यावरही "माझं सेटिंग हलवू नको" हा हुकूम कायम. हे सेटिंग म्हणजे काय, तर पाठ खाटेसारखी आडवी, पाय लांब सोडलेले आणि एका हाताचं बोट स्टीअरिंगला. माझी उंची चार फूट अकरा इंच. मी पाठीमागे एक उशी घेऊन शेडमधल्या गाडीत बसून बघत असे. पाचव्या दिवशी हवालदार आमची गाडी बघायला घरी आले, उशी पाहिली आणि ती अंगणात भिरकावली. मग सीटच्या कडेची एक दांडी त्यांनी तीनचारदा वर ओढली, तशी सीट उंच झाली. ही दांडी गाडीत नऊ वर्षं होती आणि आम्हाला ठाऊकच नव्हती. "सायेब," ते ह्यांना म्हणाले, "तुमी गाडी चालवत नव्हता, गाडीत झोपत हुता. बरं झालं डॉक्टरनं उठवलं."

मग त्यांनी मला बसवलं. बूड पार मागं. क्लच तळाला दाबला तरी गुडघा जरा वाकलेला. पाठ सीटला टेकलेली असतानाच मनगट स्टीअरिंगच्या माथ्यावर. छाती आणि स्टीअरिंगमध्ये एक वीत आणि वर चार बोटं. डोक्यामागची उशी कानाच्या वरच्या टोकापर्यंत. ह्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही. सेटिंग गेल्याचं दुःख त्यांना ऑपरेशनपेक्षा मोठं होतं.

आमच्या भागातल्या गाड्यांविषयी हवालदारांच्या मनात जी तुच्छता होती, ती हळूहळू माझ्याही अंगात भिनली. आणि का भिनू नये? कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र शर्ट घालून मोठ्या गाडीच्या पुढच्या सीटवर पसरलेले पुढारी बघा. सीटबेल्टच्या पट्ट्यानं इस्त्री मोडते म्हणून पट्टा नाही. गाडी टूंटूं करते म्हणून पट्ट्याच्या खाचेत नुसतं बक्कल अडकवायचं, तेही बाजारात मिळतं, वर देवाचं चित्र काढलेलं. "शर्ट शाबूत राह्यला म्हंजे झालं," हवालदार म्हणत, "आत मानूस असू द्या, नसू द्या." लग्नसराईत तर ते रस्त्याकडे बघूही शकत नसत. फेटा दबतो म्हणून वऱ्हाडी मंडळी सीटच्या डोक्यामागच्या उश्या उपसून डिकीत टाकतात. "मान मोडल्यावर फेटा कशावर बांधनार रं?" असं त्यांनी एकदा भर चौकात एका नवरदेवाला विचारलं. वऱ्हाड अंगावर धावून आलं. हवालदार जागचे हलले नाहीत.

नाका दिसला की पट्टा छातीवरून ओढून हातात धरणारे तर घरोघरी आहेत. माझे सख्खे दीर त्यातलेच, चांगले इंजिनियर आहेत. "ही लोकं पोलिसाला पट्टा बांधत्यात," हवालदार म्हणायचे, "सोताला न्हाई." माझ्या दिरांचा त्यांनी माझ्यादेखत उद्धार केला आणि मला वाईट वाटलं नाही.

एक दिवस त्यांनी विचारलं, "लेकीला पट्टा कसा बांधनार?" मी सहज म्हणाले, "तिला कशाला? पोट आहे ना." मला वाटलं, आता गरजतील. पण त्यांनी माझ्या पिशवीतली ती उशी मागून घेतली, कारण ती मी अजून चोरून आणत होते, आणि आपल्या शर्टाच्या आत घातली. गलमिशा ठेवलेला सहा फुटी हवालदार पोटुशा बाईसारखा सीटवर बसला. मैदानात फिरायला आलेली माणसं जमली, फिदीफिदी हसली. हवालदारांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. "हे प्वाट. ह्यात हाड न्हाई. आडवा पट्टा ह्येच्या खाली, मांड्यांच्या वर, खुब्याच्या हाडावर. तिरपा पट्टा दोन छात्यांच्या मधनं, पोटाच्या कडंनं. पीळ पडू द्यायचा न्हाई. सीट मागं सरकवायची, पर निजवायची न्हाई. निजवली की मानूस पट्ट्याखालनं घसरतंय. आता तुमी बांधा." मी सात वेळा बांधला तेव्हा त्यांनी उशी काढली.

सांगलीला जायच्या दिवशी माझ्यावर भरवसा नाही म्हणून ते मागच्या सीटवर येऊन बसले. जाताना सगळं ठीक झालं. अश्विनीच्या सासरच्या दारात गाडी उभी राहिली, ओटी भरली, शेजारपाजारच्या बायका जमल्या. अश्विनीला पुढं बसवून मी पट्टा ओढला, तसा विहीणबाईंनी माझा हात धरला.

"आवं विहीणबाई, हे काय? लेकराला आवळायचं हाय का? सीट आडवी करा, पोरीला निजवून न्या."

मागून हवालदार म्हणाले, "ताई, पट्टा पोटाला न्हाई, पोटाखाली हाय. मोकळी निजवली तर ब्रेक दाबल्यावर गाडी थांबंल, पोर न्हाई थांबायची."

"अभद्र बोलायचं न्हाई माझ्या दारात!" विहीणबाई कडाडल्या. "एकदा वाईट झालंय आमच्यात. कोन हा मानूस?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मुलीची आई मी. सासरच्या दारात उलट बोलायचं नाही हे आमच्या हाडात मुरलेलं. लेकीला उद्या पुन्हा ह्याच घरात नांदायचं होतं. मी मागं वळले आणि म्हणाले, "हवालदार, तुम्ही गप्प बसा. मोठ्यांचा शब्द आहे." मग मी माझ्या हातानं पट्टा सोडला आणि सीट आडवी केली.

हवालदार गाडीतून उतरले. आपली पिशवी काखोटीला मारली. "मग माजं हितं काम न्हाई," एवढंच म्हणाले आणि एसटी स्टँडच्या दिशेनं चालू लागले. मी विहीणबाईंच्या पाया पडले आणि गाडी काढली. जगातल्या सगळ्या पट्टा न बांधणाऱ्यांना नावं ठेवून झाल्यावर मी स्वतः काय केलं, ते हे.

गल्लीच्या वळणापलीकडे घर दिसेनासं झालं, तशी मी गाडी थांबवली. सीट उभी केली, मागे सरकवली, पट्टा पोटाखालून घेतला, पीळ काढला. अश्विनी म्हणाली, "आई, मग मघाशी का सोडलास?" मी गियर टाकला. स्टँडवर जाऊन हवालदारांना शोधावं, हेही त्या घाईत सुचलं नाही.

आष्टा सोडल्यावर उसाच्या शेतातून एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसह सरळ रस्त्यावर आला. मी दोन्ही पाय दाबले. मागच्या सीटवरचा विहीणबाईंनी दिलेला लाडवांचा स्टीलचा डबा आमच्या दोघींच्या मधून उडून पुढच्या काचेवर आपटला. काच तडकली. अश्विनीच्या छातीवर पट्टा करकचून बसला होता. ती पोटाखाली हात धरून म्हणाली, "आई, लाथ मारली गं."

दोन महिन्यांनी नात झाली. विहीणबाईंनी देवीला साडी नेसवली. आमच्या ह्यांनी काचेवरून मला अजूनपर्यंत ऐकवलं. हवालदारांचं नाव कुणी काढलं नाही, मीही नाही. त्यांच्यासमोर जायची मला लाज वाटत होती. आज जाऊ, उद्या जाऊ करत मी बारशानंतर पेढे घेऊन गेले, तर क्लासला कुलूप. शेजारच्या पंक्चरवाल्यानं सांगितलं, हवालदार गावी गेले होते, तिथं झोपेतच गेले, पंधरा दिवस झाले.

मी त्यांच्या गावी गेले. त्यांच्या बायकोनं पाट दिला, चहा ठेवला. मी रडत रडत सगळं सांगितलं. मी त्यांना गप्प केलं ते, वळणावर थांबले ते, डबा उडाला ते. आणि म्हणाले, "वहिनी, मी पट्टा बांधला होता हे त्यांना कधी कळलंच नाही. मनात राग ठेवून गेले असतील."

त्या माऊलीनं पदरानं कप पुसला आणि त्या म्हणाल्या, "राग न्हाई वं. त्या दिशी एसटीनं इकडं आले, समदं सांगितलं, तवा मीच म्हनलं, बाईनं पोटुशी लेक तशीच नेली व्हय? तर म्हनले, विहिणीम्होरं बोलायची त्या बाईत धमक न्हाई, लय भित्री हाय. म्या गाडीत हुतो तवर ती विहीन इरंला पेटली हुती, म्हनून उतरलो. आता वळनावर गाडी थांबवून बांधला असंल बाईनं. त्येवढा भरवसा नसता, तर म्या गाडीतनं उतरलो असतो व्हय?"