काकींच्या डब्यातले फोटो

खानावळीच्या काकी फोटो पाहताना चेहऱ्यांकडे फार बघत नसत. त्या दिवशी काय रांधलं होतं, ते आधी सांगत. "हे धाकट्या नणंदेचं केळवण. वालाची उसळ नि शिरा. शिरा खालून लागला होता, पण कोण बोललं नाय."

लालबागच्या चाळीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत मी कॉलेजची तीन वर्षं जेवलो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. परीक्षेच्या दिवसांत काकी न विचारता एक पोळी जास्त वाढत. "रिकाम्या पोटी पेपर सुटत नाय," म्हणत.

गेल्या महिन्यात चाळ पाडायची ठरली आणि त्यांचा मुलगा बाळा याने मला मदतीला बोलावलं. नव्या जागेत फोटोंची ट्रंक मावणार नव्हती; बिस्किटांच्या एका डब्यात राहतील तेवढेच फोटो न्यायचे होते. काकींनी नियम केला, ज्या दिवसाचं जेवण आठवेल तो फोटो ठेवायचा.

कोटातले एक करारी गृहस्थ लगेच बाद झाले. कुणाच्या तरी बारशाचा, सगळे चेहरे हललेला फोटो राहिला, कारण घावन-घाटलं आठवलं. बाळाचा लहानपणचा स्टुडिओतला फोटोही गेला.

"आई, हा मी आहे."

"तू समोर आहेस की."

तळाशी माझा फोटो निघाला. पदवीदानाच्या दिवशीचा; भाड्याचा काळा झगा घातलेला मी आणि शेजारी काकी. गावाहून कुणाला येता आलं नव्हतं, त्या आल्या होत्या. हा फोटो डब्यात जावा असं मला फार वाटत होतं, पण घरचा नसताना सांगणार कसं? त्या दिवशीचं जेवण आठवून बघितलं. आठवेना.

काकींनी फोटो पदराने पुसला. "त्या दिवशी काय रांधलंच नव्हतं."

"मग नियमाने हाही गेला," बाळा हसत म्हणाला.

"जातोय कसा? तेवढा एकच दिवस मी खानावळ बंद ठेवली. सगळ्यांना सांगितलं, आज बाहेर जेवा, माझ्या पोराला पदवी मिळतेय."

इतकी वर्षं मी समजत होतो, त्या पहाटे उठून सगळा स्वयंपाक आटोपून आल्या असतील.

माझा फोटो आत गेल्यावर डब्याचं झाकण लागेना. तेव्हा काकींनी स्वतःच्या लग्नाच्या दोन फोटोंतला एक बाहेर काढला.

"दोन्हींत जिलबी तीच," त्या म्हणाल्या.