शिखरावरच्या वहीतलं नाव

ये, जवळ बस. इतक्या दिवसांनी आलीस आणि उभ्याउभ्या निघतेस काय गं? तुझ्या काकांनी फिरणं का सोडलं, ते तरी ऐकून जा.

आमच्या शेजारचा तो पुण्याचा इंजिनियर, दर वीकएंडला सगळ्यांना डोंगरावर नेणारा. पाण्याच्या बाटल्या सगळ्यांच्या स्वतः वाहतो, पण मागं वळून बघत नाही. अजून किती विचारलं, की "काकू, पाचच मिनिटं!"

मागं आम्हाला एका सुळक्यावर नेलं. तिथं शेवटी नुसते खडक, हातापायांनी चढायचे. काकांना पुढं चढवेना, म्हणून आम्ही दोघं तिथंच बसलो. तो वर गेला. शिखरावर पत्र्याच्या डब्यात वही असते, पोचलेल्यांनी नावं लिहायची. त्यात यानं काकांचंही नाव लिहिलं!

मग पॉटलकला, म्हणजे सगळे आपापला पदार्थ घेऊन जमतात त्या जेवणाला, डिजिटल कॅमेऱ्यात वहीच्या त्या पानाचा फोटो दाखवत म्हणाला, "सत्तरीत समिट केलं काकांनी, यार!" टाळ्या पडल्या. काका मान खाली घालून हसले. घरी आल्यावर म्हणाले, "पोचलो नाही म्हणायला जीभच रेटली नाही गं."

आता कोणी शिखराचं विचारेल म्हणून बाहेरच पडत नाहीत. तो मात्र रोज खुशीत हात हलवतो. माझा हात काही वर होत नाही.

तू लवकर परत ये बाई. तुझ्याबरोबर घराजवळच्या तळ्यापर्यंत तरी चालतील.